कुलूप आपले, किल्ली परक्याची

(संस्थेच्या शिक्षक-पालक मेळाव्यात लातूर येथे दिलेले भाषण)





मी काही संगणकतज्ज्ञ नव्हे. बी.ए., बी.एड. झालेला, उर्दू माध्यमाच्या शाळेत इतिहास आणि मराठी शिकवणारा एक साधा शिक्षक आहे. पण शाळेत ज्याला थोडेफार टंकन येते, त्याच्याच गळ्यात संगणक कक्षाची किल्ली पडते, हे आपण सर्व जाणता. ती किल्ली गेली आठ वर्षे माझ्या खिशात आहे. ती खरोखर माझ्या खिशात आहे काय, हाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

हे लातूर शहर आहे, म्हणून आरंभ येथल्याच एका आठवणीने करतो. 2016 सालचा उन्हाळा आपल्यापैकी कोणीही विसरलेले नाही. मी तेव्हा बी.एड. होऊन नोकरीच्या शोधात येथे एका नातेवाइकांकडे राहत होतो. पहाटे उठून घागरी घेऊन रांगेत उभे राहणे, हाच माझा व्यवसाय झाला होता. मांजरा धरण कोरडे पडले. पाण्याच्या ठिकाणी भांडणे होऊ नयेत म्हणून जमावबंदीचा हुकूम काढावा लागला. एप्रिल महिन्यात मिरजेहून सुमारे 340 किलोमीटरचा प्रवास करून ‘जलदूत’ ही पाण्याची रेल्वेगाडी आली. पहिल्या गाडीत दहा डबे आणि पाच लाख लिटर पाणी होते. साऱ्या देशाने त्या गाडीची छायाचित्रे पाहिली. पण आपण लातूरकरांनी आणि मराठवाड्यातील लोकांनी त्यातून जो धडा घ्यायचा तो हा, की मांजरा धरण वाईट नव्हते. त्याने वर्षानुवर्षे या शहराला पाणी पाजले. चूक ही झाली, की एवढे मोठे शहर एकाच ठिकाणच्या पाण्यावर विसंबून राहिले आणि आपले आड, आपल्या विहिरी, आपले तलाव आपण बुजू दिले.

मित्रहो, आज आपल्या देशातील बहुसंख्य कचेऱ्या, बँका, शाळा आणि छापखाने संगणकाच्या बाबतीत अशाच एका धरणावर विसंबून आहेत. त्या धरणाचे नाव आहे विंडोज.

ज्यांना या विषयाची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडे स्पष्टीकरण करतो. शाळेची इमारत आहे, फळा आहे, शिक्षक आहेत, विद्यार्थी आहेत. पण वेळापत्रक कोणी लावायचे, घंटा कोणी द्यायची, कोणती खोली कोणाला उघडून द्यायची, हे ठरवणारा आणि किल्ल्यांचा जुडगा कमरेला बाळगणारा माणूस नसेल तर शाळा भरणार नाही. संगणकात हे काम जो मूळ प्रोग्रॅम करतो त्याला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. अमेरिकेतील मायक्रोसॉफ्ट कंपनीने 1985 साली विंडोज बाजारात आणली आणि 1995 नंतर ती जगभर पसरली. आपल्याकडे ‘संगणक शिकणे’ याचा अर्थच विंडोज शिकणे असा झाला. 2001 सालापासून एम.एस.-सी.आय.टी.चा अभ्यासक्रम गावोगाव पोचला, ही आपल्या राज्याच्या दृष्टीने मोठीच गोष्ट झाली. पण आपल्या मुलामुलींनी संगणक म्हणून जे पाहिले ते बहुतांशी एकाच कंपनीचे होते.

आता कोणी म्हणेल, यात बिघडले काय? सोय होते, सर्वांना येते, नोकरी मिळते. हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मी घडलेल्या गोष्टींवरून देतो.

27 जून 2017 रोजी युक्रेनमधून ‘नॉटपेट्या’ नावाचा एक घातक प्रोग्रॅम जगभर पसरला. विंडोजमधील एका दोषाचा त्याने फायदा घेतला. काही तासांत मेर्स्क या जगातील बड्या जहाज कंपनीचे संगणक बंद पडले आणि आपल्या रायगड जिल्ह्यातील जवाहरलाल नेहरू बंदरात त्या समूहाकडे असलेल्या एका धक्क्याचे कामकाज विस्कळीत झाले. भांडण युक्रेनमध्ये आणि माल अडकला न्हावा-शेव्यात! त्याच वर्षी मे महिन्यात ‘वॉनाक्राय’ नावाच्या अशाच प्रोग्रॅमने दीडशेच्या वर देशांत धुमाकूळ घातला होता. त्यावरील उपाय कंपनीने मार्च महिन्यातच दिला होता, परंतु असंख्य लोकांनी तो आपल्या संगणकात घातलाच नव्हता.

पुढे 19 जुलै 2024 चा शुक्रवार उजाडला. या वेळी कोणी शत्रू नव्हता. क्राउडस्ट्राइक नावाच्या सुरक्षा पुरवणाऱ्या कंपनीने पाठवलेल्या एका सदोष दुरुस्तीमुळे जगातील सुमारे 85 लाख विंडोज संगणक निळा पडदा दाखवून बसले. आपल्या देशातील विमानतळांवर रांगा लागल्या. शेजारच्या हैदराबादेत प्रवाशांना हाताने लिहिलेले प्रवेशपत्र देण्यात आले. आपल्या बँकांचे नुकसान मात्र फारसे झाले नाही. रिझर्व्ह बँकेने सांगितले, की केवळ दहा बँका व वित्तसंस्थांना किरकोळ अडचण आली. कारण आपल्याकडे फार थोड्या बँका त्या कंपनीचे साधन वापरत होत्या. म्हणजे ज्यांनी सारी भिस्त एका जागी ठेवली नव्हती, ते त्या दिवशी वाचले.

तिसरी घटना आपल्या देशाच्या सार्वभौमत्वाशीच निगडित आहे. गुजरातमध्ये वाडीनार येथे नायरा एनर्जी या कंपनीचा तेलशुद्धीकरण कारखाना आहे. त्यात रशियातील एका तेल कंपनीचा मोठा हिस्सा आहे. जुलै 2025 मध्ये युरोपीय संघाने त्या कंपनीवर निर्बंध घातले. निर्बंध युरोपचे, कारखाना भारताचा, कायदा भारताचा. तरीही मायक्रोसॉफ्टने त्या कंपनीची टपाल आणि संदेशवहनाची संगणकीय सेवा थांबवली. पैसे भरलेले असताना सेवा थांबली, म्हणून कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि काही दिवसांत सेवा पूर्ववत झाली. ही सेवा म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम नव्हे, हे मी मुद्दाम सांगतो, कारण शिक्षकाने मोघम बोलू नये. पण मालक तोच, आणि प्रश्नही तोच. आपल्या देशातील एवढ्या मोठ्या कारखान्याचे कपाट दुसऱ्या खंडात झालेल्या निर्णयाने बंद होऊ शकत असेल, तर आपल्या शाळेच्या कपाटाची काय कथा?

हा अनुभव आपल्या देशाला पहिल्यांदाच आला असे मात्र नाही. 1970 च्या दशकात देशातील पुष्कळसे मोठे संगणक आय.बी.एम. या अमेरिकन कंपनीचे होते. परकी चलनविषयक कायद्यानुसार परदेशी भागीदारी कमी करण्याची अट त्या कंपनीने मानली नाही आणि 1978 साली तिने देश सोडला. तेव्हा त्या संगणकांची देखभाल कोणी करायची, हा प्रश्न उभा राहिला. ते काम सी.एम.सी. या सरकारी कंपनीने अंगावर घेतले आणि आपल्याच अभियंत्यांनी ते पार पाडले. 1980 च्या दशकात अमेरिकेने महासंगणक देण्यास नकार दिला. तेव्हा 1988 साली पुण्यात सी-डॅक ही संस्था निघाली. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली तिने 1991 साली ‘परम 8000’ हा महासंगणक तयार केला. अकोला जिल्ह्यातील एका खेड्यात वाढलेल्या माणसाने हे घडवले. नकार मिळाला म्हणून आपण शिकलो. मग नकार मिळण्यापूर्वीच शिकायला काय हरकत आहे?

येथे दक्षिण कोरियाचे उदाहरण मुद्दाम सांगण्याजोगे आहे. तो देश संगणकाच्या बाबतीत आपल्या कितीतरी पुढे. तेव्हा अमेरिका मजबूत गुप्तलेखनाचे तंत्र बाहेर देत नव्हती, म्हणून 1990 च्या दशकाच्या अखेरीस कोरियन लोकांनी स्वतःचे तंत्र तयार केले. हेतू स्वावलंबनाचा होता. परंतु ते तंत्र वापरण्यासाठी त्यांनी मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोरर या एकाच प्रोग्रॅमला जोडलेले एक साधन निवडले. परिणाम असा झाला, की बँकेत पैसे भरायचे, वस्तू विकत घ्यायची, सरकारी दाखला काढायचा, तर विंडोजच हवी. दुसरा संगणक घेतलेला माणूस आपल्याच देशात परका झाला. त्यातून सुटायला त्यांना वीस वर्षे लागली. सरकारमान्य प्रमाणपत्राची ती सक्ती 2020 च्या डिसेंबरात संपली आणि इंटरनेट एक्सप्लोरर मायक्रोसॉफ्टने स्वतःच जून 2022 मध्ये बंद केला. स्वावलंबनासाठी बांधलेले घर दुसऱ्याच्या जागेवर बांधले, तर असे होते.

आता देशाकडून शाळेकडे वळतो.

आमच्या उर्दूची गोष्ट घ्या. नस्तालीक लिपी टंकयंत्रावर बसत नाही, म्हणून उर्दूचे छापकाम फार वर्षे कातिबांच्या कलमावर चालले. 1981 साली मिर्झा अहमद जमील यांच्या हस्ताक्षरावरून नूरी नस्तालीक हा टंक तयार झाला आणि 1994 साली दिल्लीत तयार झालेल्या इनपेज या प्रोग्रॅममुळे तो छोट्या छापखान्यांत पोचला. या प्रोग्रॅमने उर्दूवर केलेले उपकार कोणी नाकारू नयेत. पण तो विंडोजवर चालणारा. त्यामुळे उर्दूचे वर्तमानपत्र, लग्नपत्रिका, प्रश्नपत्रिका, सारे काही विंडोजशी बांधले गेले. मराठीचीही तीच कथा होती. प्रत्येक कंपनीचा टंक वेगळा, आणि एका संगणकावरचा मजकूर दुसऱ्यावर उघडला की अक्षरांऐवजी किडेमुंग्या दिसायच्या. युनिकोड आल्यावर ही बेडी तुटली. आज मराठी आणि नस्तालीक उर्दू, दोन्ही कोणत्याही ऑपरेटिंग सिस्टीमवर लिहिता येतात. बेडी तुटली, पण पाय अजून जागचे हलले नाहीत.

आता एक कबुली देतो. काही वर्षांपूर्वी सहामाही परीक्षेच्या तोंडावर आमच्या शाळेतील मुख्य संगणकावरील सर्व फायली एकाएकी उघडेनाशा झाल्या. पडद्यावर इंग्रजीत मजकूर आला, की अमुक डॉलर भरा म्हणजे फायली परत मिळतील. सात वर्षांच्या उर्दू प्रश्नपत्रिका, निकालपत्रके, स्नेहसंमेलनाची छायाचित्रे, सारे गेले. चूक कोणाची? आमची. आमच्या संगणकात घातलेली विंडोज विकत घेतलेली नव्हती. कोणीतरी पेन ड्राइव्हवर आणून फुकट घालून दिलेली होती. तिला कंपनीच्या दुरुस्त्या मिळत नव्हत्या, आणि आम्हाला त्याची फिकीरही नव्हती. त्या वर्षी मुलांना दाखले देता आले ते एवढ्याचसाठी, की आमच्या क्लार्क साहेबांनी हाताने लिहिलेले जनरल रजिस्टर कपाटात सुरक्षित होते.

त्या रात्री मला झोप लागली नाही. नुकसानीचे दुःख होतेच, पण लाज अधिक वाटत होती. वर्गात मी मुलांना सांगतो की दुसऱ्याची पेन्सिलही न विचारता घेऊ नये. आणि त्याच मुलांना मी चोरीच्या वस्तूवर संगणक शिकवत होतो. परावलंबन माणसाला नुसते दुबळे करीत नाही, ते त्याला खोटेही वागायला लावते. ज्याच्यावाचून चालत नाही आणि जे विकत घेण्याची ऐपत नाही, ते माणूस चोरून घेतो आणि पुढे त्याला चोरी म्हणणेही सोडून देतो.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या मोहल्ल्यातील एका वृद्ध कातिब चाचांकडे प्रश्नपत्रिका लिहून घेण्यासाठी गेलो. संगणक आल्यावर त्यांचा धंदा बसला होता. त्यांनी सारी हकीकत ऐकली, कलम शाईत बुडवले आणि एवढेच म्हणाले, “बेटा, ताला अपना, चाबी पराई, तो घर किसका?” त्या एका वाक्याने मला जे शिकवले ते कोणत्याही पुस्तकाने शिकवले नव्हते.

मग उपाय काय? उपाय आहे आणि तो नवा नाही. 1991 साली फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा लिहिला आणि सर्वांसाठी खुला केला. ती कोणीही वापरावी, तपासावी, सुधारावी आणि दुसऱ्याला द्यावी. आज जगातील सर्वांत वेगवान पाचशे महासंगणक लिनक्सवर चालतात. आपल्या सी-डॅकने 2007 साली तिच्यावर आधारित ‘बॉस’ ही भारतीय भाषांची ऑपरेटिंग सिस्टीम काढली. केंद्र सरकारने 2015 साली खुल्या प्रणालींना प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. 2023 साली संरक्षण मंत्रालयाने आपल्या संगणकांसाठी ‘माया’ ही प्रणाली स्वीकारली. शाळांच्या बाबतीत केरळने सर्वांना मागे टाकले. 2001 साली सुरू झालेल्या त्यांच्या योजनेत काही वर्षांतच सरकारी शाळांचे संगणक खुल्या प्रणालीवर आले आणि दहावीची संगणकाची परीक्षाही तिच्यावरच होऊ लागली. तेथील यशाचे रहस्य यंत्रात नव्हते. त्यांनी आधी शिक्षकांना तयार केले.

मी एकच बाजू सांगतो असे होऊ नये. जर्मनीतील म्युनिक शहराने 2003 साली आपल्या कचेऱ्या लिनक्सवर नेण्याचे ठरवले, हजारो संगणक बदलले, आणि 2017 साली पुन्हा विंडोजकडे वळण्याचा निर्णय घेतला. म्हणजे हा रस्ता सोपा नाही. आमच्या शाळेतही पहिल्या महिन्यात प्रिंटर चालेना, तेव्हा दोन शिक्षकांनी मला चांगलेच सुनावले. आणखी एक गोष्ट. आपल्या खिशातील बहुसंख्य मोबाईल अँड्रॉइडवर चालतात. तिचा गाभा लिनक्सचाच आहे, पण सूत्रे गूगलच्या हाती. बाजारातील वर्चस्वाचा गैरवापर केला म्हणून भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर 2022 मध्ये गूगलला 1337 कोटी 76 लाख रुपये दंड केला. तेव्हा नुसते नाव बदलल्याने गुलामी संपत नाही. किल्ली कोणाकडे आहे, हे प्रत्येक वेळी पाहावे लागते.

नोकरीचा प्रश्न राहिला. पालक मला विचारतात, “सर, कचेरीत तर विंडोजच असते, मग आमच्या मुलाचे काय?” मी त्यांना सांगतो, की मुलाला विंडोज शिकवूच, परंतु फक्त तीच शिकवणार नाही. ज्याला दोन भाषा येतात तो उपाशी राहत नाही, हे आपल्यापेक्षा चांगले कोणाला ठाऊक? घरी दखनी, शाळेत उर्दू, बाजारात मराठी, परीक्षेत इंग्रजी, असे चार भाषांत आपले मूल वाढते. त्याला दोन ऑपरेटिंग सिस्टीम जड जातील असे मानणे, हा त्या मुलाचा अपमान आहे.

हा विचार आजच करण्याचे कारणही आहे. विंडोज 10 ची नेहमीची मोफत दुरुस्ती 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपली. विंडोज 11 जुन्या संगणकांवर रीतसर चालत नाही. मराठवाड्यातील कितीतरी शाळांतील संगणक जुने आहेत. ते भंगारात घालायचे, की असुरक्षित चालवायचे, की पुन्हा चोरीचा रस्ता धरायचा? चौथा रस्ता आहे. आमच्या शाळेत सहा जुने संगणक होते. एका माजी विद्यार्थ्याने दोन रविवार खर्चून त्यांत लिनक्स घालून दिली. एक पैसा लागला नाही. तेच संगणक आज आठवीच्या मुली चालवतात, आणि प्रिंटरचे कोडेही शेवटी त्यांच्यापैकीच एकीने सोडवले.

म्हणून संस्थेपुढे मी नम्रपणे चार सूचना ठेवतो. पहिली, संस्थेच्या प्रत्येक शाळेत निदान निम्मे संगणक खुल्या प्रणालीवर असावेत. दुसरी, मराठी व उर्दूचे सर्व टंकन युनिकोडमध्ये व्हावे, आणि मराठीसाठी मुलांना इनस्क्रिप्ट कळफलक शिकवावा, कारण तो राष्ट्रीय प्रमाण आहे आणि दोन्हीकडे सारखाच चालतो. तिसरी, निकाल व दाखल्यांची एक प्रत संगणकाबाहेर आणि एक कागदावर असावी. चौथी आणि सर्वांत महत्त्वाची, प्रत्येक शाळेतील दोन शिक्षकांना हे काम शिकण्यासाठी सुटी व प्रवासखर्च मिळावा. नवीन संगणकांच्या खरेदीसाठी आपण देणगी गोळा करतो, तशी शिक्षकाच्या शिक्षणासाठीही करावी. आणि जेथे विंडोज ठेवायची तेथे ती रीतसर विकत घेऊन ठेवावी.

मित्रहो, मांजरा धरण पुन्हा भरले, आणि भरल्यावर आपण रांगा विसरलो. तसे या बाबतीत होऊ नये. धरण असावे, पण अंगणातला आडही जिवंत असावा. आमच्या शाळेतील त्या सहा संगणकांची किल्ली मात्र आता खरोखर माझ्या खिशात आहे, आणि पुढल्या वर्षी ती आठवीच्या मुलींच्या हाती देण्याचा माझा विचार आहे.